गुणवत्ता काय खाऊन मोठी होते?

“अंगात गुणवत्ता असेल तर कुणी कुणाला अडवू शकत नाही.” मित्रांनो, हे वाक्य तुम्ही कॉलेजात ऐकलं असेल, ऑफिसात ऐकलं असेल, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर रोजच ऐकत असाल. आणि बोलणारा माणूस तिथे थांबत नाही. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : “मग आरक्षण कशाला?” खेळाचा विषय निघाला की हा दावा जास्तच छातीठोकपणे केला जातो. मैदानात कुणी जात विचारत नाही, तिथे कामगिरीच बोलते, असं सांगितलं जातं. आज हाच दावा मला एका खेळाडूच्या आयुष्यावर घासून पाहायचा आहे. तो आपल्या देशातला नाही, आपला खेळही खेळत नाही. तो दक्षिण आफ्रिकेचा रग्बीपटू आहे. नाव सिया कोलिसी.

रग्बीच का, हे आधी सांगते. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या मुली गेल्या काही वर्षांपासून रग्बी खेळतात. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्यामुळे प्रमाणपत्राची किंमत पालकांनाही कळते. आमच्या मुली मूळच्या कबड्डीच्या. पकड त्यांच्या हातात आहेच. अंड्याच्या आकाराचा चेंडू घेऊन पुढे धावायचं, पास मात्र मागेच द्यायचा, आणि अंगावर येणारीला भिडून खाली पाडायचं, हे त्यांना लगेच जमलं. त्यातल्या एकीला, नुकतीच दहावी झालेल्या मुलीला, शहरातल्या एका मोठ्या क्लबने बोलावलं आहे. तिची आई चार घरी धुणीभांडी करते. ती मला विचारायला आली. तिचा प्रश्न ‘पोरगी खेळंल का’ हा नव्हताच. “ताई, तिथं तिच्या जेवणाचं कोण बघंल?” एवढंच तिने विचारलं. समाजशास्त्रात एम. ए. करताना गुणवत्तेवर मी बरंच वाचलं. पण गुणवत्तेचा इतका नेमका प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. त्याच सुमारास मी कोलिसीचं ‘राइझ’ हे २०२१ साली आलेलं आत्मचरित्र वाचत होते. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात पानोपानी आहे.

कोलिसीचा जन्म १६ जून १९९१ चा. पोर्ट एलिझाबेथ शहराबाहेरची झ्वाइडे ही काळ्या लोकांची वस्ती. त्या शहराचं नाव आता गेबेखा आहे. १६ जून ही तारीख त्या देशात मोठी आहे. १९७६ साली याच दिवशी सोवेटोमध्ये शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसरा योगायोग आपल्या लोकांनी जास्त लक्षात ठेवावा असा आहे. जन्मलेल्या प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद करणारा १९५० चा लोकसंख्या नोंदणी कायदा संसदेने रद्द केला तो १७ जून १९९१ रोजी, म्हणजे कोलिसीच्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी. कायदा गेला. पण झ्वाइडेतली भूक, घरं आणि शाळा जिथल्या तिथेच राहिल्या. कायद्याने अस्पृश्यता संपवलेल्या देशात जन्मलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्याचे आईवडील स्वतःच कोवळ्या वयाचे होते. सांभाळ केला आजीने. ती गोऱ्यांच्या घरी कामाला जायची. खेळणं म्हणून त्याच्याकडे एक वीट होती, तीच त्याची मोटार. झोपायला जमिनीवर टाकलेल्या गाद्यागिरद्यांचे तुकडे. काही रात्री पोटात फक्त साखरेचं पाणी. तो बारा वर्षांचा असताना ही आजी त्याच्या हातांत गेली. पंधराव्या वर्षी आई गेली.

अशा मुलाला रग्बी कुणी शिकवली? इथे आपण सावध व्हायला हवं, कारण नेहमीची गोष्ट अशी सांगितली जाते की एका मोठ्या शाळेने झोपडपट्टीतला हिरा शोधून काढला. हे अर्धसत्य आहे. रग्बी हा गोऱ्यांचा खेळ ही समजूतसुद्धा वर्णभेदाने पसरवली. ईस्टर्न केप या प्रांतातले काळे लोक शंभराहून जास्त वर्षं रग्बी खेळत आलेले आहेत. झ्वाइडेतल्या मैदानाला ज्यांचं नाव आहे त्या डॅन केके यांनी १९७०च्या दशकात ‘क्वारू’ ही काळ्या खेळाडूंची संघटना उभी केली होती. वर्णभेदी सरकारच्या खेळात सामील व्हायला तिने नकार दिला होता. ही सगळी परंपरा त्या वस्तीत होती. कोलिसी आधी खेळला तो वस्तीतल्याच आफ्रिकन बॉम्बर्स या क्लबात. तिथले प्रशिक्षक एरिक सोंगविक्वी हे प्राथमिक शाळेतले शिक्षक. त्यांनी या मुलाला हेरलं, घडवलं, निवड चाचणीपर्यंत नेलं. एका चाचणीत तो चड्डीवर, म्हणजे अक्षरशः आतल्या बॉक्सर चड्डीवर खेळला, कारण खेळाचा पोशाखच नव्हता. त्या टप्प्यावर ग्रे या जुन्या, श्रीमंत शाळेच्या लोकांची नजर त्याच्यावर पडली आणि शिष्यवृत्ती मिळाली.

हिरा शोधला बॉम्बर्सने. पैलू पाडायला सुरुवातही त्यांनीच केली. पण बक्षीस समारंभात टाळ्या मिळतात त्या पुढच्या दुकानदाराला. आपल्या वस्त्यांमधल्या तालमी, बुद्धविहारातल्या अभ्यासिका, फुकट शिकवणारे दादा-ताई यांच्या वाट्याला नेमकं हेच येतं.

आता नव्या ठिकाणी काय मिळालं ते बघा. बारा वर्षांचा कोलिसी ग्रेमध्ये गेला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. तिथे त्याला बूट मिळाले, चांगलं मैदान मिळालं, प्रशिक्षक मिळाले, हे खरंच. पण त्याहून आधी त्याला मिळालं ते तीन वेळचं जेवण आणि स्वतःचा पलंग. रग्बी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. त्यात हाड लागतं, वजन लागतं, दुखापत भरून यायला झोप लागते. साखरेच्या पाण्यावर खांदा भरत नाही. कोलिसी फ्लँकर म्हणून खेळतो. या जागेवरच्या खेळाडूला ८० मिनिटं धावावं लागतं आणि प्रत्येक पडापडीत पहिल्यांदा पोचावं लागतं. झ्वाइडेत असतानाही त्याच्या डोक्यात खेळ होताच. शरीर मात्र वसतिगृहाच्या खानावळीत घडलं. शाळा संपल्यावर तो केप टाऊनच्या वेस्टर्न प्रॉव्हिन्स संघात गेला, २०१२ मध्ये स्टॉर्मर्सकडून खेळू लागला, आणि १५ जून २०१३ रोजी स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत सामनावीर ठरला. २०१८ मध्ये तो कर्णधार झाला. दक्षिण आफ्रिकेचा संघ १८९१ पासून कसोटी सामने खेळतो आहे. काळा कसोटी कर्णधार व्हायला १२७ वर्षं लागली. मग २ नोव्हेंबर २०१९ रोजी योकोहामात इंग्लंडला ३२-१२ असं हरवून आणि २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळ न्यूझीलंडला १२-११ असं एका गुणाने हरवून त्याने दोनदा विश्वचषक उचलला.

मग ‘गुणवत्तेला कुणी अडवू शकत नाही’ हे सिद्ध झालं का? अजिबात नाही. उलटंच सिद्ध झालं. त्याच वस्तीत, त्याच क्लबात, त्याच्याइतकीच चपळ असलेली पण त्या दिवशी चाचणीला पोचू न शकलेली मुलं किती होती, याची कुठे नोंद नाही. त्याच्याच घरातलं उदाहरण घ्या. आई गेल्यावर त्याची दोन लहान सावत्र भावंडं अनाथाश्रमात आणि पालक-घरांमध्ये फिरत राहिली. कोलिसीने त्यांना शोधून २०१४ मध्ये घरी आणलं. एकाच आईची मुलं. एकाच्या हातात शिष्यवृत्ती पडली, दोघं व्यवस्थेच्या फटीत हरवली. यात गुणवत्तेचा फरक कुठे होता? एका मुलाला उचलणं ही चांगली गोष्ट आहे. पण न्यायाचं मोजमाप त्या एकावरून करता येत नाही, मागे राहिलेल्यांवरूनच करावं लागतं.

आता अवघड भाग. हाच कोलिसी २०१९च्या विश्वचषकाच्या आधी एका जपानी वृत्तसंस्थेशी बोलताना म्हणाला की संघात काळ्या खेळाडूंचा आकडा ठरवून देणं त्याला पटत नाही. मंडेलांनाही ते पटलं नसतं असं त्याचं मत होतं. बदल खालून, वस्त्यांमधून सुरू व्हायला हवा. मी इंग्रजी शाळेत गेलो नसतो तर मला धड खायला मिळालं नसतं आणि माझं शरीर वाढलं नसतं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. देशात यावरून बरीच टीका झाली. आपल्याकडेही असं घडतं. आपलाच एखादा मोठा अधिकारी किंवा उद्योजक स्टेजवरून सांगतो की मला आरक्षणाची गरज पडली नाही. समोरचे टाळ्या वाजवतात आणि आपली पोरं खाली मान घालून बसतात.

अशा वेळी त्या माणसाला गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. कोलिसीचं निदान बरोबर आहे. पोटात अन्न नसलेल्या मुलासाठी राष्ट्रीय संघात राखीव जागा ठेवून काही होत नाही, तो तिथपर्यंत जिवंत आणि धडधाकट पोचला पाहिजे. पण त्याच्या निदानातून निघणारा निष्कर्ष अपुरा आहे. प्रश्न असा की, वरून दाब नसेल तर खाली पैसा कोण घालणार? आणि का घालणार?

दक्षिण आफ्रिकेचाच इतिहास पाहा. १९९५ साली मंडेलांनी कर्णधाराची सहा क्रमांकाची जर्सी घालून विश्वचषक दिला, सगळं जग भारावून गेलं. त्या विजेत्या संघात गोरा नसलेला खेळाडू किती? एकच, चेस्टर विल्यम्स. भारावून जाण्याने संघ बदलत नाही. पुढे रग्बी मंडळाला आकडे ठरवून घ्यावे लागले. २०१९ पर्यंत राष्ट्रीय संघात निम्मे काळे खेळाडू असं उद्दिष्ट होतं. २०१६ मध्ये तिथल्या क्रीडामंत्र्यांनी, पुरेसा बदल होत नाही म्हणून, रग्बी आणि क्रिकेटसह चार खेळांच्या मंडळांना मोठ्या जागतिक स्पर्धांचं यजमानपद मागायला बंदी घातली. बैठकीत विनंत्या करून जे वर्षानुवर्षं हललं नव्हतं, ते तिजोरीला चिमटा बसल्यावर हलू लागलं. २०१९च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या पंधरांपैकी सहा खेळाडू काळे होते. आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेतर्फे पहिला ट्राय करणारा खेळाडू कोण? माकाझोले मापिम्पी. खेड्यातून आलेला, कुठल्याही नामांकित रग्बी शाळेत न शिकलेला. दुसरा ट्राय चेसलिन कोल्बेचा, तोही गोरा नाही. आकडे ठेवल्याने दर्जा घसरतो म्हणणाऱ्यांना ३२-१२ हा गुणफलक दाखवावा.

म्हणून ‘वरून कोटा की खालून विकास’ हा वादच चुकीचा मांडला जातो. वरचा आकडा नसेल तर खालचा विकास ही कुणाच्या तरी मर्जीची गोष्ट होते. खालची खानावळ नसेल तर वरचा आकडा काही श्रीमंत शाळांतल्या मोजक्या मुलांवर भागवला जातो. दोन्ही लागतात, एकाच वेळी लागतात. आपल्या संविधानाच्या कलम १६(४) मध्ये पुरेशा प्रतिनिधित्वाची भाषा आहे, दयेची नाही, हे आपण विसरता कामा नये.

एखाद्या क्लबने आत घेतलं म्हणजे काय होतं, याचा आपल्या मातीतला पुरावाही आहे. पळवणकर बाळू. चांभार समाजातले हे फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता, इंग्रजांना सराव देता देता तयार झाले. मग पुण्याच्या हिंदू क्लबाला जिंकण्यासाठी ते हवे झाले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा, आणि जेवणाचं पान वेगळं असायचं. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही भावांनी संघातून बाहेर पडून निषेध केल्यानंतर. म्हणजे तिथेही गुणवत्तेने दार उघडलं ते गोलंदाजीपुरतं. जेवणाच्या टेबलाचं आणि नेतृत्वाचं दार भांडूनच उघडावं लागलं. पुढे १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्यांच्यावर राग धरावा म्हणून मी हे लिहीत नाही. ज्या घराने उंबऱ्यावर ताटकळत ठेवून शेवटी आत घेतलं, त्या घराच्या उपकारांचं ओझं माणसाच्या डोक्यावर किती बसतं, ते कळावं म्हणून लिहिते.

बाबासाहेबही शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले होते. १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीवर आले तेव्हा परदेशी विद्यापीठातलं शिक्षण त्यांच्या गाठीशी होतं, तरी शिपाई फायली लांबून फेकत होते आणि शहरात राहायला खोली मिळत नव्हती. यावरून बाबासाहेबांनी काय धडा घेतला? ‘मी पोचलो, तुम्हीही मेहनत करा’ असं सांगत ते फिरले नाहीत. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. एकीकडे कायदेमंडळात प्रतिनिधित्वासाठी भांडायचं आणि दुसरीकडे मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करायची, ही दोन्ही कामं त्यांनी एकाच वेळी केली. कोलिसीनेही २०२० मध्ये स्वतःची संस्था काढून करोनाच्या काळात अन्न वाटलं, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण खेळाडूने आपल्या कमाईतून भूक भागवावी आणि मंडळाने फक्त चषक मिरवावा, ही वाटणी न्यायाची नाही.

आता पुन्हा आमच्या वस्तीतल्या त्या मुलीकडे येते. तिने जावं, असंच मी तिच्या आईला सांगितलं. मोठ्या क्लबात जाणं म्हणजे वस्ती सोडणं नव्हे. पण हात जोडून जायचं नाही, प्रश्न विचारून जायचं. आम्ही चौघींनी, म्हणजे ती, तिची आई, तिची शाळेतली क्रीडाशिक्षिका आणि मी, विहारात बसून यादी केली. राहायची खोली कुठे, तिथे मुलींसाठी जबाबदार बाई कोण? जेवण किती वेळचं, अंडी-दूध धरून की सोडून? बूट फाटले तर कुणाचे पैसे? खांदा निखळला किंवा डोक्याला मार लागला तर दवाखान्याचा खर्च आणि विमा कुणाचा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत तिला मैदानाबाहेर ठेवणार की नाही? अकरावीचं कॉलेज कुठलं, परीक्षेच्या वेळी सुट्टी मिळणार का? जातीवरून कुणी बोललं तर तक्रार कुणाकडे करायची? आणि निकषांत बसत असेल तर अकरावीपासून स्वाधार योजनेचा अर्ज भरायचा, कारण बाबासाहेबांच्या नावाची ती योजना राहण्या-जेवणासाठीच आहे. क्लबने कागदावर उत्तरं दिली तर उत्तम. कुणी म्हणालं की ‘एवढी संधी देतोय, वर प्रश्न काय विचारता’, तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते आधी कळलेलं बरं.

त्या यादीत शेवटचा प्रश्न मुलीने स्वतः घातला : “माझ्यानंतर आपल्या मैदानावर सराव कोण घेणार?” आता दोन मोठ्या मुलींनी आठवड्यातून तीन दिवस वाटून घेतले आहेत, आणि मैदानावर दिवे लावावेत म्हणून आम्ही नगरसेवकाच्या दारात बसतो आहोत.

कार्यकर्त्या मित्रांनो, तुमच्याही वस्तीत अशी मुलं-मुली आहेत. कुणी रग्बी खेळतं, कुणी धावतं, कुणी मुष्टियुद्ध करतं. त्यांची निवड झाली की आपण बॅनर लावतो, फोटो काढतो, पुष्पगुच्छ देतो. ते जरूर करा. पण बॅनरच्या खर्चातून आधी एका मुलीचे बूट घ्या, आणि ज्या क्लबात ती चालली आहे त्याला जेवणाचा, विम्याचा आणि शाळेचा हिशोब लेखी मागा. उद्या ती मोठी झाली आणि तिला कुणी विचारलं की आरक्षणाबद्दल तुझं मत काय, तर तिच्याकडे सांगायला तिचा स्वतःचा हिशोब असेल : कुणी जेवू घातलं, कुणी दार अडवलं आणि कुणी भांडून ते उघडलं.

जय भीम!